पत्रक सतरावरचा ढग

१

"पण मग आमची शाळा कुणी खाल्ली?"

प्रश्न भिंगरीच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो तिच्या डोक्यातला नव्हता. चष्मा आणि लंबू या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. नगररचना कार्यालयाच्या सभागृहात, दोन वर्ग, चार शिक्षक आणि एक मोठे साहेब समोर असताना, हात वर करून नेमका हाच प्रश्न विचारायचा, आणि याच शब्दांत. पैज हरायची दोघींना मुळीच धास्ती नव्हती, कारण गेल्या वर्षापर्यंत वर्गात भिंगरीचं नाव 'म्यूट' होतं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. यंदा मात्र कुठंतरी कळ दाबली गेली आणि पोरीचा आवाज जो सुरू झाला, तो थांबायचं नाव घेईना.

सभागृहात हशा पिकला. वर्गशिक्षिकांनी डोळे वटारले. पडद्याजवळ उभ्या असलेल्या नकाशाताई मात्र हसल्या नाहीत. केसांत पेन्सिल खोचलेल्या या बाई गेले आठ महिने कार्यालयाचे जुने नकाशे आणि नोंदवह्या स्कॅन करत होत्या. गिचमिड अक्षरातल्या वह्या एआय वाचून काढायचा. नकाशांसाठी होतं जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कुणालाही फुकट वापरता येणारं एक सॉफ्टवेअर. त्यात जुन्या नकाशाचं एकेक पत्रक आजच्या नकाशावर टाचलं जायचं, चादरीचे कोपरे गादीखाली खोचावेत तसं.

पडद्यावर अशी चोवीस पत्रकं शेजारी शेजारी अंथरली होती. ओढा ओढ्याला जुळला होता, रस्ता रस्त्याला. फक्त मधोमध एक पांढरं चौकोनी भोक होतं, आणि शाळा असायला हवी होती ती नेमकी त्या भोकात.

"चांगला प्रश्न आहे," नकाशाताई म्हणाल्या आणि त्यांनी भोकावर टिचकी मारली. जुन्या वहीतला एक शेरा उघडला. 'पत्रक १७. माझ्या ताब्यातून गहाळ. आरेखक.' त्यांनी सांगितलं, की शुक्रवारी हा नकाशा सगळ्यांसाठी खुला होणार आहे. भोकासकट आणि शेऱ्यासकट. जगात कुठूनही कुणीही टिचकी मारली की हेच दिसणार.

लंबूनं कोपरखळी मारली, जिंकलीस म्हणून. भिंगरीचं लक्षच नव्हतं. शेऱ्याच्या शेवटी, सही असावी तिथं, उत्तर दिशा दाखवणारा बारीकसा बाण काढलेला होता. सरळ रेघ, आणि खाली मांजराच्या शेपटीसारखा वळलेला आकडा.

तस्साच बाण तिच्या डब्याच्या झाकणावर होता.

२

डब्यावरचा बाण आबांचा. भिंगरीचे आजोबा तीस-बत्तीस वर्षं त्या कार्यालयात आरेखक होते, म्हणजे मोजणीच्या आकड्यांवरून नकाशे काढायचे. इतरांचे आजोबा नातवंडांना गोष्टी सांगतात, आबा उत्तर दिशा दाखवत. वाढदिवसाच्या कार्डावर बाण, वहीच्या कव्हरवर बाण, एकदा तर तिच्या पायाच्या प्लॅस्टरवरही बाण. प्रत्येक आरेखकाचा आपला एक बाण असतो, ते म्हणत. हस्ताक्षर बदलेल, बाण बदलत नाही.

संध्याकाळच्या चहाला भिंगरीनं सरळ विचारलं, पत्रक सतराचं काय झालं.

आबांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, खिशातून रुमाल काढून मिशी पुसली, रुमालाची काटकोनात चौघडी केली आणि खिशात ठेवली. "गहाळ म्हणजे गहाळ," ते म्हणाले आणि अर्धा चहा तसाच टाकून गॅलरीत गेले. आबांनी चहा टाकणं म्हणजे सूर्यानं सुट्टी घेण्यासारखं होतं.

मग बाबांनी हळू आवाजात सांगितलं. त्या एका शेऱ्यापायी आबा कधी मुख्य आरेखक झाले नाहीत. मागून आलेली माणसं पुढं गेली, आबा त्याच टेबलावर राहिले. आजी असतानाही हा विषय निघत नसे, आणि ती गेल्यावर तर नाहीच. "आपल्या घरात सोळानंतर अठरा येतात," बाबा म्हणाले.

आईनं फ्रीजवर लावलेल्या संध्याकाळच्या क्लासच्या फॉर्मकडं बोट दाखवलं. आधी तो भर, गुप्तहेरगिरी नंतर. पण भिंगरीच्या डोक्यात किडा शिरला होता. आबा रबर हरवत नाहीत. पेन्सिलीचा दोन बोटांएवढा तुकडासुद्धा डबीत जपून ठेवतात. तो माणूस दारभर रुंद नकाशा हरवेल? आणि समजा हरवलाच, तरी सदतीस वर्षांनी शुक्रवारपासून सगळ्या जगानं त्यांना निष्काळजी म्हणायचं?

हातात चार दिवस होते.

३

नकाशाताईंना मदतनीस हवेच होते. शाळा सुटल्यावर येऊन संगणकावर नकाशे टाचायला कुणीही यावं, असं त्यांनी सभागृहातच सांगितलं होतं. मंगळवारी भिंगरी दोघी मैत्रिणींना ओढत रेकॉर्ड रूमच्या दारात हजर झाली आणि आत पहिलं पाऊल टाकते न टाकते तोच खेकसणं ऐकू आलं.

"बाटली बाहेर!"

या किल्लीकाकू. रेकॉर्ड रूमच्या प्रमुख. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा, आणि वर्षअखेर निवृत्ती. दारावर पाटी होती: 'पाण्याची बाटली बाहेर ठेवा.' खाली दुसरी: 'वरची पाटी वाचा.' चष्मा पुटपुटली की एवढं काय पाण्याचं. काकूंनी ते ऐकलं. कपाटातून हातभर लांबीचा एक जुना तुकडा काढला, निळसर, चकचकीत, काचेसारखा आरपार दिसणारा. त्या काळी मूळ नकाशे यावर काढत, काकूंनी सांगितलं. ट्रेसिंगचं कापड. दिसतं कागदासारखं, पण आतून सुती, वरून खळीचा थर. तिघींना दाराबाहेर नेऊन त्यांनी बाटलीतला एकच थेंब त्यावर टाकला. थेंबाखालचं कापड बघता बघता दुधासारखं पांढरं झालं आणि फडक्यासारखं लुळं पडलं.

"धूळ परवडली," काकू म्हणाल्या. "पाणी नाही." आणि मग चष्मा काढून मलईरंगाच्या एका मऊ रुमालानं काचा पुसत बसल्या. बराच वेळ.

आत नकाशाताईंनी काम समजावलं. एआय हुशार होता, पण डोळे मिटून विश्वास ठेवण्याइतका नव्हे. पत्रक पाचवरचा चहाचा डाग त्यानं तळं म्हणून नोंदवला होता आणि त्या तळ्याला शेजारच्या पत्रकावरच्या देवळाचं नाव देऊन टाकलं होतं. म्हणून त्यानं वाचलेली ओळ माणसानं मूळ पानाशी ताडून पाहायची.

भिंगरीनं ताडायला घेतलं ते थेट सतराचं पान. ही ये-जा नोंदवही. कोणतं पत्रक कुणी नेलं, कधी परत आलं. नऊ तारखेला पत्रक सतरा आरेखकाकडं गेलेलं, दुरुस्तीसाठी. 'परत' या रकान्यात काही नाही. शेजारी चौदा तारखेचा आबांचा शेरा. एआयनं तो रकाना 'रिकामा' असं वाचलं होतं. भिंगरीनं पान मोठं केलं, आणखी मोठं केलं, मग काकूंची परवानगी घेऊन खरी वही खिडकीच्या उजेडासमोर धरली.

रकाना रिकामा नव्हता. रिकामा केलेला होता. तिथला कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला होता. कुणीतरी ब्लेडनं शाई खरवडली होती, पण इतक्या हलक्या हातानं की एकही तंतू उसवला नव्हता.

चष्मानं वहीकडं पाहिलं, मग भिंगरीकडं, आणि हळूच विचारलं, की शाई ब्लेडनं खरवडायची सवय कुणाला असते.

भिंगरीला उत्तर ठाऊक होतं. आबांच्या टेबलाच्या खणात अजून तसलं ब्लेड होतं.

४

त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही, आणि बुधवारी शाळेत भूगोलाच्या तासाला तिनं यंदा पहिल्यांदाच काही विचारलं नाही. लंबूला राहवलं नाही. ती म्हणाली, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. पण चोर स्वतःच चोरी लिहून ठेवत नाही. तुझ्या आबांनी लिहिलं म्हणजे त्यांना काहीतरी झाकायचं होतं."

"काहीतरी नाही," भिंगरी म्हणाली. तिच्या डोक्यात एकदम दिवा लागला. "कुणाला तरी."

संध्याकाळी तिनं नकाशाताईंना विचारलं, की एआयनं वाचलेल्या सगळ्या वह्यांत एकदम शोधता येईल का. एक पत्रक, एक आठवडा. आजवर हे कुणी केलं नव्हतं, कारण ये-जा वही एका गठ्ठ्यात, छपाईची वही दुसऱ्यात, आणि दोन्ही अक्षरं एकाच माणसानं वाचणं म्हणजे दोन जन्मांचं काम. एआयला चार श्वास लागले. छपाईखोलीच्या वहीतली एक ओळ वर आली. तारीख बारा. 'रेकॉर्ड रूमकडून आलेली: १६, १७, १८. पैकी १६ व १८ छापली. १७ छपाईस अयोग्य, परत.' भिंगरीनं मूळ पान डोळ्यांनी ताडलं. अक्षर किडामुंगी होतं, पण मजकूर बरोबर होता.

म्हणजे आबांनी पत्रक बाराच्या आधीच परत केलं होतं. बारा तारखेला ते छपाईखोलीत होतं आणि तिथून रेकॉर्ड रूमकडं परत निघालं होतं. ते आबांच्या ताब्यात नव्हतंच. आबा खोटं बोलले होते, आणि ते स्वतःच्याच विरुद्ध.

छपाईखोलीचे निळेमामा आता कार्यालयाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवत. नकाशांच्या निळ्या प्रती काढून काढून त्यांची नखं जी निळी झाली, ती अजून पुरती उतरली नव्हती. भिंगरीनं विचारल्यावर त्यांनी मशीन बंद केलं, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाले, की छपाईला कापड आरपार दिसावं लागतं. उजेड पलीकडं गेला तर प्रत उमटते. सतराच्या मधोमध उजेडच जाईना.

"का?"

"ढग होता," मामा म्हणाले. "पांढरा, मोठा, हा एवढा. मी परत पाठवलं, कुणाला काही बोललो नाही. सतराजणांना सांगून सतराचं काय होणार होतं?"

भिंगरीला काकूंचा थेंब आठवला. पाणी, ती म्हणाली. मामांनी मान डोलावली. असं खराब झालेलं कापड मग टाकून देत का, असं तिनं विचारल्यावर मात्र मामा चक्क लाजले.

"टाकतंय कोण. धुतलं की खळ आणि निळी झाक निघून जाते आणि खाली राहतं ते मलमलीहून मऊ. आमच्या ऑफिसचा नियमच होता, लिहिलेला नाही, पण नियम. ज्याच्या घरी पाळणा, त्याला कापड." त्यांनी मशीनचं बटण दाबलं. "घरी जा आणि तुझ्या आबांच्या खिशात काय आहे ते बघ."

५

भिंगरी जिने दोन दोन पायऱ्यांनी चढली. आबा फिरायला गेले होते. आई मटार सोलत होती आणि बाबा सोललेले खात होते. तिनं धापा टाकत बाबांना विचारलं, तुमचा वाढदिवस कधी.

बाबा दुखावले. पोटच्या पोरीला ठाऊक नसावं? सहा तारीख. महिना तोच, वर्ष तेच. पत्रक सतरा ज्या आठवड्यात गेलं, त्याच्या आधीच्या आठवड्यात या घरी पाळणा हलला होता.

मग तिनं आबांच्या रुमालाचं विचारलं. आईनं सहज सांगितलं, की तो विकतचा नाहीच. सासूबाईंनी ऑफिसच्या कापडाचा शिवलाय, कितीही धुवा, फाटत नाही. "आणि नुसता रुमाल कुठं? ते झबलं नाही का," ती म्हणाली आणि शोकेसमधल्या फोटोकडं हनुवटी केली.

फोटोत बाबा होते, तीन महिन्यांचे, टक्कल, मुठी आवळलेल्या, अंगात मलईरंगाचं झबलं. शेजारच्या फोटोत भिंगरी होती, तीन महिन्यांची, टक्कल, तेच झबलं. रोज या फोटोंवरची धूळ तिनंच झटकली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

झबलं माळ्यावरच्या सुटकेसमध्ये निघालं. भिंगरीनं ते खिडकीच्या काचेवर दाबून धरलं. मागून उतरतं ऊन आलं. आधी काहीच नाही, नुसतं कापड आणि आजीची बारीक शिवण. मग डोळे सरावले आणि पाठीवर, जुन्या जखमेच्या वणासारखी, एक फिकट रेघ दिसली. तिला समांतर दुसरी. रस्ता. आणि खाली घेराच्या कडेला, शिवणीत अर्धा दबलेला, सरळ बाण. शेपटीला आकडा.

बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "म्हणजे मी सरकारी दस्तऐवजावर..."

"रोज," आई म्हणाली. "आणि नंतर तुमच्या लेकीनंही."

६

गुरुवारी नकाशाताईंनी झबलं दोनदा उजेडासमोर धरून पाहिलं. मग केसांतली पेन्सिल काढून कामाला लागल्या. कापायचं काही नव्हतं. आजीनं सदतीस वर्षांपूर्वीच कापून ठेवलं होतं. पुढचा भाग, पाठीचे दोन, दोन बाह्या. प्रत्येकाचा स्कॅन केला आणि फिकट रेघा गडद करायला एआयला सांगितलं. त्यानं शिवणीला कालवा म्हटलं आणि गळ्याच्या गोलाला विहीर. तिघी मैत्रिणींनी कालवे आणि विहिरी खोडून काढल्या.

उरलं ते टाचायचं. डाव्या बाहीवरचा रस्ता नेमका पत्रक सोळावरच्या रस्त्याला जाऊन मिळाला. पाठीवरचा ओढा अठरावर वाहत गेला. आबांचा रुमाल भिंगरीनं इस्त्रीसाठी म्हणून मागून आणला होता. रोज धुतलेल्या त्या कापडावर एआयनं सात रेघा सुचवल्या. त्यातल्या तीन घड्यांच्या निघाल्या, चार खऱ्या. रुमाल खालच्या कोपऱ्यात बसला. पांढरं भोक कडांकडून भरत आलं.

भरलं नाही. मधोमध एक चौकोन उरला, वीतभर लांब, वीतभर रुंद. निळेमामांचा ढग होता नेमका तिथं. शाळाही तिथंच.

चष्मा म्हणाली, खराब झालेला तुकडा टाकून दिला असेल. भिंगरीनं मान हलवली. धुतल्यावर सगळं कापड सारखंच, मग टाकेल कोण? आणि या चौकोनाचं माप आबांच्या रुमालाएवढंच होतं, सुतानंही फरक नाही. म्हणजे आजीनं आणखी एक रुमाल शिवला होता, आणि तो घरी नव्हता. आजी आपल्या हातचा रुमाल कुणाला देईल? जो रडत असेल त्याला.

मग एकामागून एक सगळं आपोआप जागी बसलं. 'परत' रकान्यात सही आरेखक करत नाही, रेकॉर्ड रूम करते. खरवडली गेली ती रेकॉर्ड रूमची सही. ती राहिली असती तर पत्रक कुणाकडं असताना भिजलं हे वहीनंच सांगितलं असतं. पाण्याला सगळ्यात जास्त कोण भितं? ज्याचा हात एकदा पोळला तो. आणि तो मलईरंगाचा मऊ रुमाल...

लंबूला ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. ती कुजबुजली, की आता तडक साहेबांकडं जाऊ, उद्या शुक्रवार.

भिंगरी उठली, पण साहेबांच्या दालनाकडं गेली नाही. गेल्या वर्षी ती कुणालाच काही विचारू शकत नव्हती. या वर्षी तिला काहीही विचारता येत होतं. पण काय विचारू नये हे तिला आत्ता, या मिनिटाला पहिल्यांदा कळत होतं. आबांचं नाव धुवायला दुसऱ्या कुणाचं तरी मळवायचं, आणि ते या खोलीतल्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरलेले असताना?

ती किल्लीकाकूंच्या टेबलाशी गेली. चष्माच्या नाकावरचा चष्मा तिनं वाटेतच काढून आणला होता. "काकू," ती म्हणाली, "काचा पुसायला तुमचा रुमाल मिळेल?"

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. मग पलीकडच्या पडद्याकडं, जिथं भरलेल्या नकाशाच्या मधोमध एक चौकोन पांढरा होता. किल्ल्यांचा जुडगा एकदा वाजला. 

"फडकं ओलं होतं," काकू म्हणाल्या.

७

नोकरीला लागून अवघे बारा दिवस झाले होते त्यांना. वय वीस. आपली खोली लख्ख दिसावी म्हणून त्यांनी टेबल पुसलं, घरी पुसतात तसं, ओल्या फडक्यानं. जगात कुठंही शाबासकी मिळाली असती. टेबलावर पत्रक सतरा पालथं पडलं होतं. घाबरून त्यांनी ते दुसऱ्या दोहोंत घालून तसंच छपाईला पाठवलं, कुणाला दिसणार नाही अशा वेड्या आशेनं, आणि ते परत आलं. मग त्या आबांच्या टेबलाशी जाऊन रडत उभ्या राहिल्या.

'खराब' लिहिलं असतं तर चौकशी रेकॉर्ड रूमची झाली असती, आणि नवी नोकरी तिथंच संपली असती. 'गहाळ' लिहिलं तर चौकशी आरेखकाची. आबांनी ब्लेड काढून सही खरवडली, शेरा लिहिला आणि भिजलेलं कापड घरी नेलं. घरी मुलगा झालाय, मन मोठं झालंय, म्हणाले. महिन्याभरात पुन्हा काढून ठेवतो, विषय संपला. पण मोजणीच्या वह्या पुढच्याच आठवड्यात वरच्या कार्यालयात गेल्या, त्या कधी परत आल्या नाहीत. त्या आकड्यांशिवाय पत्रक काढायचं कशावरून? महिन्याभराचा विषय सदतीस वर्षं पुरला.

"तुझ्या आजीनं हा रुमाल दिला," काकू म्हणाल्या. "म्हणाली, रडायचं ते एकदाच यात रड, नंतर चष्म्याला वापर. दरवर्षी मी ठरवायचे की यंदा सांगायचं. दरवर्षी तुझे आबा म्हणायचे, बसलेली घडी मोडू नका."

भिंगरीनं सांगितलं, की ती कुणाला काही सांगणार नाही. रुमाल काकूंचा, गोष्टही काकूंची.

"मूर्ख आहेस," काकू मायेनं म्हणाल्या, "अगदी तुझ्या आबांवर गेली आहेस." त्यांनी रुमालाची घडी उलगडली, तो स्वतःच्या हातानं स्कॅनरवर पसरला आणि नकाशाताईंना हाक मारली.

शुक्रवारी सकाळी आबा निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या खोलीत आले. सवयीनं पाण्याची बाटली त्यांनी दाराबाहेर ठेवली. पडद्यावर पत्रक सतरा पूर्ण होतं. बाह्या, पाठ, पोट, दोन रुमाल, पाचर मारल्यासारखे एकमेकांत बसलेले. मधल्या चौकोनात एक छोटा आयत होता आणि आत अगदी फिकट, आबांच्या अक्षरात: 'राखीव, शाळा.' नऊ तारखेची दुरुस्ती होती ती हीच. भिंगरी रोज ज्या वर्गात बसत होती, त्याची जागा आबांनीच काढली होती.

आबा काकूंवर रागावले. घडी मोडलीत म्हणून. पण त्यांना धड रागावता येईना, मिशी ओली झाली होती, आणि पुसायला खिशात रुमाल नव्हता. तो स्कॅनरपाशी होता. काकूंनी आपला पुढं केला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेरा बदलायचा तर कुणाच्या सांगण्यावरून, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, माझ्या. त्यांनी ये-जा नोंदवही उघडली, पापुद्र्याएवढ्या पातळ झालेल्या त्या रकान्यावर पेनचं टोक अलगद टेकवलं आणि सदतीस वर्षं उशिरा सही केली. 'परत मिळाले.' आता त्या भोकाच्या जागी कुणी टिचकी मारली, तर वाचायला मिळतं: 'पत्रक १७. रेकॉर्ड रूममध्ये पाण्याने खराब. दोष आरेखकाचा नाही. एक झबले व दोन रुमाल यांवरून पुन्हा जुळवले.'

मजकूर काकूंचा. शेवटचा बाण आबांचा.

संध्याकाळी घरी चहा झाला. आबांनी तो पूर्ण प्यायला, दोनदा. आई झबलं पुन्हा माळ्यावर ठेवायला निघाली, तेव्हा भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. फ्रीजवरचा फॉर्म तिच्या हातात होता, कोराच.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "झबलं पुन्हा माळ्यावर जाणार नाही, पत्रक अठराच्या आधी, त्याच्या जागेवर जाणार. आणि क्लासला मी पुढच्या वर्षी जाईन. आता रोज शाळेनंतर दोन तास रेकॉर्ड रूममध्ये. काकू वर्षअखेर निवृत्त होतायत. त्या वह्यांत काय लिहिलंय ते एआयला कळतं, पण काय खरवडलंय ते फक्त काकूंना माहीत आहे, आणि मला ते सगळं विचारायचंय. परवानगी मागत नाहीये, सांगतेय." मग दोघांचे चेहरे बघून तिनं थोडं नमतं घेतलं. "पाण्याची बाटली मी बाहेर ठेवीन."